फणस पडलाय: फळ्या किती, सरपण किती, आणि घरच्या खळ्यात काय काय जमतं

प्रश्न थोडक्यात असा. गुहागरकडच्या वाडीत वळवाच्या वाऱ्याने जुना फणस मुळासकट कलंडला. त्याच्याबरोबर रायवळ आंब्याची एक जाड फांदी आणि कडेची सुरूची दोन झाडं गेली. आरागिरणी लांब आहे. विचारणारे मुंबईत असतात आणि पाऊस लागायच्या आत एकदाच चार-आठ दिवस गावी राहता येणार आहे. चेन सॉ विकत घ्यावा, घरच्या खळ्यातच फळ्या पाडाव्यात आणि उरलेल्याचं वर्षाचं सरपण करावं, असा त्यांचा बेत आहे. त्यांचा प्रश्न आहे: मशीन कुठलं घेऊ?

मशीनचं शेवटी सांगतो, कारण ते सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. सरपण घरीच करा, त्यात काही शंका नाही. फळ्यांचं मात्र सगळं झाड घरी चिरायच्या फंदात पडू नका. बुंध्यातले एक-दोन सरळ ओंडके निवडा. त्यांच्या जाड फळ्या घरी पाडता येतात, पातळ हव्या असतील तर ओंडके गिरणीत जाऊ द्या. तुमच्या चार-आठ दिवसांतला अर्धा वेळ चिरण्याला नाही, फळ्या रचण्याला ठेवा. लोक इथेच चुकतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत घरोघरी आंबा-फणस आडवे झाले. पुढच्या वर्षी तौक्तेने रत्नागिरी-सिंधुदुर्गात तेच केलं. त्यातलं बरंचसं चांगलं लाकूड पावसात तसंच पडून पांढरं-निळं झालं आणि शेवटी जळणाच्या भावाने गेलं. चिरलेलंही पुष्कळ वाकून-तडकून फुकट गेलं, कारण ते ताडपत्रीखाली ढीग करून ठेवलं होतं.

आधी कागद. फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ, चिंच, जांभूळ, खैर ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. आपल्या मालकीच्या जागेतली असली तरी तोडायला परवानगी लागते. तुमचं झाड वाऱ्याने पडलंय, तोडलेलं नाही, म्हणून त्याला हात लावण्याआधी मुळांच्या गड्ड्यासकट चारही बाजूंनी फोटो काढा, तलाठ्याला कळवा, नुकसानीचा पंचनामा होणार असेल तर तो होऊ द्या आणि वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात एक अर्ज टाकून पोच घ्या. ओंडके फाटकाबाहेर न्यायचे असतील तर वाहतूक पासची चौकशी तिथेच करा. गिरणीवालाही पास विचारतो, त्याचा परवाना वनखात्याच्या हातात असतो. घरी पट्ट्याची करवत बसवून गावातल्या लोकांचंही लाकूड चिरून द्यायचं मनात असेल, तर ती आरागिरणी झाली आणि तिला परवाना लागतो. स्वतःच्या एका फणसासाठी कोणी तिथवर जाऊ नये.

आता पडलेलं झाड. उभं झाड तोडण्यापेक्षा पडलेलं सोपं, असं वाटतं. प्रत्यक्षात ते जास्त फसवं असतं. तुमचा फणस मुळासकट उपटलाय, म्हणजे मातीचा नि मुळांचा गड्डा उभा आहे आणि बुंध्याच्या वजनाने धरून ठेवलेला आहे. बुंधा कापला की तो गड्डा परत खड्ड्यात बसतो, एकदम, आणि कधी कधी उलट्या बाजूलाही झुकतो. खड्ड्यात पोरं खेळत असतात, कुत्रं झोपलेलं असतं. कापण्याआधी गड्डा जाड दोराने शेजारच्या माडाला बांधा, मागे कुणी नाही हे स्वतः बघा आणि मुळाजवळ न कापता चार फूट सोडून कापा. तेवढा खुंट गड्ड्यासकट खाली बसतो आणि नंतर निवांत काढता येतो.

फांद्यांचं असंच. जमिनीवर टेकलेली प्रत्येक फांदी कुठेतरी दाबली गेलेली असते आणि कुठेतरी ताणलेली. दाबाच्या बाजूने आधी थोडा काप घ्यायचा, मग ताणाच्या बाजूने पुरा करायचा. उलटं केलंत तर पात (साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी) मध्येच अडकते किंवा फांदी फाटून अंगावर येते. दोन टोकांवर टेकलेल्या फांदीत वरची बाजू दबलेली असते, खालची ताणलेली. एकाच बाजूने धरलेल्या फांदीत वरची ताणलेली असते. हे डोळ्याने ओळखता आलं नाही तर ती फांदी सोडा, दुसरी घ्या, रोज कटर म्हणजे चेन सॉ चालवणाऱ्या गड्याला बोलवा. विजेची तार झाडात असेल तर महावितरणचा माणूस येऊन लाइन बंद केल्याचं सांगेपर्यंत कोयतासुद्धा लावायचा नाही.

पोशाखाचं एकदाच सांगतो. लुंगी आणि स्लिपर घालून कटर चालवणारे आपल्याकडे हजारो आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पोटरीवर खुणा आहेत. बूट, घट्ट पँट, डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे. पातीच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकू द्यायचा नाही. तिथे साखळी लाकडाला अडकली की मशीन उसळून तोंडाकडे येतं. एकट्याने काम करायचं नाही.

फांद्या साफ झाल्या की मशीन बंद करा आणि खडू घेऊन झाडाभोवती फिरा. कुठला तुकडा फळीचा, कुठला जळणाचा, हे आत्ताच ठरवायचं. सरळ, गाठी कमी, मधला घेर निदान ४५-५० इंच असलेला भाग फळीचा. फणसाच्या बुंध्यात पहिली मोठी फांदी फुटेपर्यंतचा भाग बहुधा तेवढाच मिळतो. फांदी फुटते तिथला बेचका फळीला वाईट, तिथे रेषा चहूकडे फिरतात आणि वाळताना फाटते. पण त्याच बेचक्याची एक जाड लादी काढली तर बैठकीच्या टेबलाला सुंदर दिसते, म्हणून एखादा ठेवायला हरकत नाही. बाकी सगळं सरपण. वाकड्या फांदीच्या फळ्या पाडू नका. वाकड्या फांदीच्या लाकडात ताण भरलेला असतो, फळी करवतीतून निघतानाच धनुष्य होते.

लांबी लागेल तेवढीच कापा आणि दोन्ही टोकांना चार-सहा इंच जास्त ठेवा, कारण टोकं तडकणारच. दाराच्या चौकटीला सात फूट, पाटाला, शेल्फला चार-पाच फूट पुष्कळ. अख्खा बारा फुटी ओंडका ठेवून पुढे काय ते बघू, असं केलंत तर तो हलवायलाच सहा माणसं लागतील.

हिशेब गावातल्या पद्धतीने असा: मधला घेर इंचात घ्या, चाराने भागा, त्याचा वर्ग करा, लांबीच्या फुटांनी गुणा आणि १४४ ने भागा. ६० इंच घेर आणि ८ फूट लांबी असेल तर १५ गुणिले १५ म्हणजे २२५, आठाने गुणून १८००, भागिले १४४, म्हणजे साडेबारा घनफूट. व्यापारी हाच आकडा धरतो. खरं लाकूड त्यात जवळजवळ १६ घनफूट असतं. या सूत्रात साल आणि कडांची घट आधीच वजा झालेली असते, साधारण पाचवा हिस्सा. विकायचं असेल तर हे माहीत असलेलं बरं. ओल्या फणसाच्या या तुकड्याचं वजन साडेचारशे किलोच्या आसपास भरेल. म्हणून ओंडका मशीनकडे न्यायचा नाही, मशीन ओंडक्याकडे न्यायचं. पहारीने, खाली गोल वासे टाकून, फार तर कमरेच्या खाली राहील अशा दोन आडव्या लाकडांवर चढवा आणि दोन्ही बाजूंनी पाचरी मारून पक्का बसवा.

कापलेल्या टोकांना त्याच दिवशी ऑइल पेंटचे दोन हात द्या. मेण वितळवून लावलंत तर आणखी चांगलं. जुने सुतार शेण-माती लिंपत, तेही चालतं. लाकडातलं पाणी टोकांतून इतर बाजूंपेक्षा कित्येक पट वेगाने जातं, त्यामुळे टोक आधी आकसतं आणि आतलं लाकूड तसंच फुगलेलं राहतं, मग तडा जातो. काप घेऊन दोन दिवस उन्हात टाकलेल्या ओंडक्याला नंतर रंग लावून उपयोग नाही.

चिरण्याआधी खिळे शोधा. खळ्यातल्या फणसात कपड्यांची तार, दिवाळीच्या आकाशकंदिलाचा हूक, कुणीतरी कधीतरी ठोकलेली पाटी हे सगळं साल गिळून टाकते. कापलेल्या टोकावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा. लाउडस्पीकरचं जुनं लोहचुंबक दोरीला बांधून बुंध्यावरून फिरवलं तर सालीलगतचे खिळे कळतात, खोलवरचे नाही. एक खिळा अख्ख्या साखळीचे दात घालवतो.

चेन सॉने फळ्या पाडायच्या तर पातीला लोखंडी चौकट लावतात. ती ओंडक्याच्या सपाट पाठीवरून सरकते आणि ठरलेल्या जाडीने खालून काप घेते. पहिल्या कापाला सपाट पाठ नसते, म्हणून ओंडक्यावर एक सरळ फळी किंवा अॅल्युमिनियमची शिडी स्क्रूने बसवून तिच्यावरून चौकट सरकवायची. पहिला काप वाकडा गेला तर पुढचे सगळे वाकडे जातात, कारण प्रत्येक काप आधीच्या पाठीवरूनच चालतो. तेव्हा शिडी बसवायला तास गेला तरी जाऊ द्या. ओंडका किंचित उतरता ठेवा, मशीन आपल्या वजनानेच पुढे जातं. दोन-अडीच फूट काप झाला की मागून कापात लाकडी पाचरी सारा, नाहीतर वरची फळी बसते आणि पात आवळते. पाचर लाकडाची किंवा प्लास्टिकची, लोखंडाची कधीच नाही.

या कामाला साखळीही वेगळी लागते. आडव्या कापाच्या साखळीचे दात ३० अंशांच्या आसपास घासलेले असतात, उभ्या चिरण्याला १० अंश. बाजारात तयार मिळाली नाही तर साधी साखळीच कानशीने हळूहळू १० अंशांवर आणता येते. कानशीची जाडी साखळीच्या पिचप्रमाणे, म्हणजे कड्यांच्या मापाप्रमाणे: .३२५ पिचला ४.८ मिमी, ३/८ ला ५.५ मिमी. पेट्रोलच्या प्रत्येक टाकीगणिक दोन-दोन हात मारायचे, धार पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. आडव्या कापात बारीक भुगा पडला की धार गेली, असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण उभं चिरताना धारदार साखळीसुद्धा बारीकच भुसा टाकते, तिथे ही खूण चालत नाही. तिथे हाताला विचारा. मशीन ढकलावं लागतंय, काप एका बाजूला ओढतोय, लाकडाचा करपल्यासारखा वास येतोय, तर थांबा आणि घासा. फणसाचा चीक साखळीवर नि पातीच्या खाचेत बसतो. दुपारी जेवायला जाताना पात काढून रॉकेलने पुसली तर तेल व्यवस्थित सुटत राहतं. साखळीला जळकं इंजिन ऑइल घालायची आपल्याकडे फार सवय आहे. ते फळीत मुरतं आणि खळ्यातून विहिरीकडे जातं. पाट-पोळपाटाचं लाकूड असेल तर साधं खाद्यतेल घाला, त्या दोन-तीन दिवसांत मशीनला काही होत नाही.

आता जाडीचा मुद्दा, ज्यासाठी मी पातळ फळ्या घरी पाडू नका म्हणतो. चेन सॉचा प्रत्येक काप तीन सूत म्हणजे ३/८ इंच लाकडाचा भुसा करतो. दहा कापांत पावणेचार इंच लाकूड गेलं, म्हणजे सव्वा इंची तीन फळ्या. गिरणीच्या पट्ट्याच्या करवतीत तेवढ्याच कापांना इंचभर जातं. शिवाय प्रत्येक कापाला मशीन पूर्ण ताकदीने पाच-दहा मिनिटं चालतं. म्हणून घरी काढायच्या त्या दोन-अडीच इंची लाद्या: चौकटी, पायऱ्या, बाक, टेबल, खिडकीच्या कड्या. एक इंची शेल्फ हवीत तर ओंडका टोकं रंगवून गिरणीत पाठवा. तयार फळी एक इंच हवी तर ओली चिरताना सव्वा इंच ठेवा. वाळताना आकसते, वर रंध्यात जाते.

फणसाचं लाकूड कापल्यावर हळदीसारखं पिवळं दिसतं आणि काही वर्षांत तपकिरी होतं. थायलंड-म्यानमारमधल्या भिक्षूंच्या चीवराला याच गाभ्याचा रंग देतात. भुसा पाण्यात उकळून बघा, पाणी पिवळं होईल. गाभ्याला वाळवी-भुंगा सहसा लागत नाही, पण बाहेरचा पांढरा थर सोडत नाहीत. त्यामुळे सालीकडची पांढरी कड कापून जळणात टाका, एक-दोन इंच रुंदी जाते म्हणून हळहळू नका. झाडाच्या ऐन मध्यावरचा दोन-तीन इंचांचा तुकडाही फळीत ठेवायचा नाही; तिथून तडा जाणारच. मधल्या लादीला मध्यावरून उभं चिरून दोन अरुंद फळ्या करा. याच मध्याजवळच्या फळ्यांमध्ये रेषा उभ्या येतात आणि त्या सगळ्यात कमी वाकतात. चौकटीला त्या ठेवा. सालीकडच्या फळ्यांच्या कडा वाळताना सालीच्या बाजूला उचलतात, हा लाकडाचा धर्म आहे, तुमची चूक नव्हे.

तुमच्या आंब्याच्या फांदीची गोष्ट वेगळी. आंब्यात गोडी असते, म्हणून बुरशी नि भुंगे धावतात. पडल्यापासून काही आठवड्यांत चिरला नाही तर निळा पडतो आणि मग पिठासारखी पूड सांडायला लागते. फळ्या पाडायच्याच असतील तर ताज्या पाडा आणि बोरॅक्सच्या पाण्यात बुडवा: तीन भाग बोरॅक्स, दोन भाग बोरिक अॅसिड, दोन्ही मिळून एक किलो, नऊ लिटर गरम पाण्यात. ओली फळी त्यात काही मिनिटं बुडवून काढायची, मग एकावर एक रचून प्लास्टिकने आठ-पंधरा दिवस झाकायची म्हणजे औषध आत मुरतं, आणि त्यानंतरच पट्ट्या घालून वाळवायला ठेवायची. पावसात भिजली तर औषध धुऊन जातं, म्हणून घरातल्या कामालाच. पूर्वी ओंडके तळ्यात नाहीतर खाडीत बुडवून ठेवत, तेही याचसाठी: तडे जात नाहीत आणि किडीचं खाणं पाण्यात विरघळून जातं. पण खरं विचाराल तर, एका फांदीसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही. आंबा जळणात टाका.

आता रचणं. मांगरात किंवा गोठ्याच्या पडवीत, जिथे वारा आरपार जातो पण ऊन आणि पाऊस लागत नाही, तिथे जांभ्याचे दगड मांडून जमिनीपासून दीड फूट उंची घ्या. दोरी लावून सगळे दगड एका पातळीत आणा. खालचा थर जसा असेल तशीच फळी वाळून कायमची होते. फळीवर आडव्या इंचभर जाडीच्या वाळक्या पट्ट्या, दर दीड-दोन फुटांवर, दोन पट्ट्या अगदी टोकांशी. प्रत्येक थरातल्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांच्या बरोबर वर आल्या पाहिजेत. एखादी चार बोटं सरकली की वरचं वजन फळीच्या पोटावर येतं आणि तिथे लाट उमटते, ती रंध्याने जात नाही. पट्ट्या ओल्या फणसाच्याच काढू नका, त्यांचा आडवा काळा डाग फळीवर पडतो. सगळ्यात वर जांभ्याचे चार-सहा चिरे वजनाला. पश्चिमेकडून पावसाची झड येत असेल तर माडाच्या झापांचा आडोसा करा, ताडपत्री गुंडाळू नका. ताडपत्रीत लाकूड घामतं आणि आठवड्यात बुरशी धरते. दगडांभोवतीची जागा मोकळी ठेवा, म्हणजे वाळवीची मातीची नळी चढायला लागली की दिसेल. घरी कुणी असेल त्यांना पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एक चक्कर मारायला सांगा.

इंच जाडीला एक वर्ष, असा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. कोकणात आषाढ-श्रावणात वाळणं जवळजवळ थांबतं, कधी फळी उलट ओल ओढते. खरं वाळतं ते दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत. आत्ता पाडलेली सव्वा इंची फळी पुढच्या मे महिन्यात कामाला घ्या, दोन इंची लादी त्याच्याही पुढच्या. खात्री करायची तर एका फळीवर खूण करून ठेवा आणि दसऱ्यानंतर महिन्यातून एकदा तिचं वजन करा. सलग दोन वेळा वजन तेवढंच भरलं की बाहेरच्या हवेत वाळायचं तेवढं वाळलं. गावच्या फळ्यांचं टेबल पुण्याला न्यायचं असेल तर फळ्या पुण्यात नेऊन घरात महिना-दोन महिने पडू द्या आणि मगच सुताराला बोलवा. तिथली हवा कोरडी. कोकणात घट्ट बसवलेले सांधे घाटावर उघडतात.

सरपणाला एवढी नाजूक वागणूक लागत नाही, पण वेळेचं गणित तिथेही आहे. ओल्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन पाणी असतं. ते जळण्याआधी उकळून घालवावं लागतं, म्हणून ओलं लाकूड चुलीत घातलं की बरीच आच पाणी घालवण्यात जाते आणि घरात धूर होतो. आगोटीची बेगमी मिरगाच्या आधी व्हायला हवी, म्हणजे मार्च-एप्रिलात फोडलेलं जूनला कामी येतं. तुमचं आत्ता पडलंय, तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात ते जळेल अशी आशा ठेवू नका. बारक्या फांद्या तेवढ्या वाळतील.

फोडायचं मात्र आत्ताच, ओलं असताना. सुरू वाळला की कुऱ्हाड उडवून लावतो, ओला असताना सरळ फाटतो. चुलीला दीड फूट, बंबाला वीतभर, असे दोनच मापांचे तुकडे करा. मोठ्या गोलाचा मध्य साधू नका; कडेने ढलप्या काढत आत या. गाठीचा तुकडा उलटा करून गाठ खाली ठेवा, तरी नाही फुटला तर पोलादी पाचर आणि पाच किलोचा घण. त्यालाही दाद देत नसेल तर बाजूला ठेवा, रात्रभर धग धरणारं तेच लाकूड. खाली जांभ्याची फरशी नको, जाड ओंडक्यावर ठेवून फोडा. हल्ली मोटरवर किंवा ट्रॅक्टरवर फिरणारा स्क्रूचा शंकू ऑनलाइन स्वस्तात मिळतो, लाकूड टेकवलं की आत घुसून फोडतो. मी तो खळ्यात येऊ देणार नाही. हातमोजा, बाही, पदर काहीही त्यात गुंडाळलं जातं आणि तो थांबत नाही. यंत्र हवंच असेल तर हळू चालणारं हायड्रॉलिक घ्या.

जळणात सुरू, बाभूळ, ऐन, चिंच ही वजनदार, निखारा टिकवणारी. आंबा पटकन पेटतो, पटकन संपतो, सकाळच्या बंबाला उत्तम. फणस मध्यम. पांगारा, सावर जाळून हाताला काही लागत नाही, फक्त राख. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं पारंपरिकपणे पांगाऱ्याचीच, त्याचं मोल तिथे. बिब्बा आणि कण्हेर सरपणात चुकूनही येऊ देऊ नका, दोन्हींचा धूर घातक.

सरपणाची उतरंड घराच्या भिंतीला लावू नका. भिंतीकडून वाळवी वाशांत चढते, आणि आपल्या भागात लाकडाच्या ढिगात फुरसं येतं. ते मातीच्या रंगाचं असतं आणि बारीक, दिसत नाही. ढीग भिंतीपासून हातभर लांब, खाली दगड किंवा वासे, वर पत्रा, बाजू उघड्या. संध्याकाळी सरपण काढायला जाणाऱ्याने आधी काठीने ठोकायचं, मग हात घालायचा. लाकूड वाळलं का हे कळायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा: ओलं असेल तर भद्द आवाज, वाळलेलं असेल तर खणखणीत. टोकाला चिरा आणि साल सुटलेली, हीही खूण.

भुसा फेकू नका, पण ओला भुसा थेट रोपांच्या मुळाशी घालू नका. कुजताना तो जमिनीतलं नत्र ओढून घेतो. गोठ्यात पसरा, शेणामुतासकट वर्षभराने तो माडाला चालतो.

राहिलं मशीन. सुरू-आंब्याच्या फांद्या आणि सरपण यांना ४५ ते ५८ सीसीचं कुठलंही चालतं. त्यावर चौकट लावून १९ इंची फणस चिरायचा म्हटलं तर ते तापून बसतं. त्याला ७० सीसीच्या पुढचं आणि २४ इंची पात हवी, कारण चौकट पातीचे तीन-चार इंच खाते. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल पुस्तिकेत असेल त्याच प्रमाणात: ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. स्वस्त मशीन बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतात आणि लोक पहिल्याचं तेल घालून पिस्टन जाम करतात. प्रत्येक लांब कापानंतर अर्धा मिनिट नुसतं चालू ठेवा, लगेच बंद करू नका. तुमच्यासारख्या वर्षातून दोनदा येणाऱ्या माणसाने मोठं मशीन विकत घेऊ नये, असं माझं मत. टाकीत पेट्रोल तसंच राहून कार्ब्युरेटर चिकट होतो आणि पुढच्या खेपेला ते सुरूच होत नाही. लहान मशीन सरपणासाठी घ्या. फणसाच्या दोन ओंडक्यांना चौकट असलेला कटरवाला रोजाने बोलवा, साखळी उभ्या चिरण्याची आहे का ते फोनवरच विचारा, आणि तो येईल त्या दिवशी जांभ्याचे दगड, पट्ट्या आणि रंगाचा डबा तयार ठेवा.